निवती : भरतीचं गणित

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या निवतीचा किनारा 'एवढासा' आहे, अर्ध्या तासात बघून होतो, असं कुणी कुणी म्हणतात. एवढासा आहे हे खरंच, पण किती एवढासा ते तुम्ही कधी पोचता त्यावर आहे. आम्ही सप्तमीला दुपारी साडेतीनला खडकांना वळसा घालून पलीकडच्या वाळूच्या चिंचोळ्या तुकड्यावर जाऊन बसलो होतो. पाचला उठलो तर आलो ती वाट पाण्याखाली. गुडघाभर पाण्यातून, शेवाळलेल्या दगडांवरून, चपला हातात घेऊन परत. एक चप्पल अजून तिथेच असेल.

नंतर चहाच्या टपरीवर एका आजोबांनी हिशेब सांगितला : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. सप्तमीला सव्वापाच, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. थोडं मागेपुढे होतं, पण सहल ठरवायला पुरतं. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी, म्हणजे सूर्यास्ताला भरपूर वाळू हवी असेल तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास जा; तेव्हा उधाण असतं, त्यामुळे संध्याकाळी ओहोटीही लांबवर जाते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, म्हणजे पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. मात्र पावसाळ्यात हा हिशेब घेऊन खडकांवर जाऊ नका, लाटा तिथी बघत नाहीत. तेव्हा आपलं निवतीच्या किल्ल्यावरूनच बघावं, तिथून शेजारच्या भोगव्याचा किनाराही दिसतो.