जुन्या अ‍ॅम्पचे सगळे कंडेन्सर बदलायचे का?

कराडकर_७२

नमस्कार मंडळी. वडिलांच्या वेळचा, असेम्बल करून घेतलेला स्टिरिओ अ‍ॅम्प आणि लाकडी खोक्यांतले दोन स्पीकर (आठ इंची वूफर, वर छोटा ट्विटर) माळ्यावरून खाली काढलेत. वाजतात, पण दोन तक्रारी आहेत. अभंग लावला की टाळ डाव्या खोक्यातूनच येतात. उजव्यातून पखवाज ठणठणीत, टाळ मात्र गोधडीखाली वाजल्यासारखे. आणि व्हॉल्यूम शून्यावर असला तरी घुंऽऽ अशी गुणगुण चालू.

दुकानदार म्हणतो, 'आतले सगळे कंडेन्सर (म्हणजे कपॅसिटर) आणि रेझिस्टन्स ऑडिओ ग्रेडचे टाका, आवाज खुलेल.' त्याने सांगितलेल्या पैशांत नवा अ‍ॅम्प येईल. एवढ्याशा भागांनी आवाजात खरंच फरक पडतो का? सोल्डरिंग जमतं, कंडेन्सर मोजणारा मल्टीमीटर आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

डागडुजी

पडतो की. पण कंडेन्सर कुठे बसलाय त्यावर पडतो, त्याच्या अंगावर काय छापलंय त्यावर नाही. मी आयुष्यभर रेडिओ-डेक उघडत आलोय. सगळं बदला म्हणणाऱ्याने बहुतेक वेळा काहीच मोजलेलं नसतं.

आधी फुकटचं काम करा. अ‍ॅम्प बंद करून दोन्ही खोक्यांच्या तारा अदलाबदल करा. बोदेपणा त्याच खोक्यात राहिला तर दोष खोक्यात. दुसऱ्या खोक्यात गेला तर अ‍ॅम्पमध्ये, नाहीतर रेकॉर्डिंगमध्येच. जुन्या स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये टाळकऱ्यांना एका बाजूला बसवलेलं असायचं, तेही लक्षात ठेवा.

माझी पैज खोक्यावर. मागची फळी उघडा. ट्विटरच्या वायरीत एकच कंडेन्सर असेल, बहुधा ४.७ मायक्रोफॅरडचा, अंगावर 'एनपी' किंवा 'बीपी' (म्हणजे प्लस-मायनस नसलेला) लिहिलेला. खर्ज अडवून फक्त वरचे सूर ट्विटरला द्यायचे, एवढंच त्याचं काम. ८ ओहमच्या ट्विटरला ४.७ लावला की साधारण ४२०० हर्ट्झच्या वरचं जातं. हाच सुकून २.२ वर आला की सीमा ९००० च्या पुढे सरकते. टाळाचा भरीवपणा मधल्या पट्ट्यात असतो, तोच गळतो. शिवाय सुकलेल्या कंडेन्सरचा आतला अवरोध वाढतो, म्हणजे ट्विटरशी सिरीजमध्ये कुणीतरी गुपचूप रेझिस्टन्स लावल्यासारखंच.

एक पाय सोडवून मोजा, सर्किटमध्ये लागलेला असताना नको. ट्विटरही तपासून घ्या. ८ ओहमचा ट्विटर मीटरवर ६ च्या आसपास दाखवतो, घाबरू नका.

गुणगुणीचं म्हणाल, तर व्हॉल्यूम शून्यावर असूनही येते ना? मग ती व्हॉल्यूमच्या पुढची, म्हणजे बहुतेक पॉवर सप्लायची. आपली वीज ५० हर्ट्झची, ब्रिजमधून (एसीची डीसी करणारे चार डायोड) गेल्यावर लहर होते १०० ची, ती गिळायला मोठे फिल्टर कंडेन्सर असतात. ते निम्मे सुकले की लहर दुप्पट. डोकं फुगलंय का, बुडाशी चिकट डाग आहे का, बघा. आणि हात लावायच्या आधी १ किलो-ओहम ५ वॅटच्या रेझिस्टन्समधून डिस्चार्ज करा. स्क्रूड्रायव्हर आडवा घालून ठिणगी काढायची फुशारकी नको.

अर्धा_ओहम

काकांशी सहमत. रेझिस्टन्सबद्दल थोडी भर. जुन्या कार्बनचे रेझिस्टन्स फोनो (रेकॉर्ड प्लेअरचा इनपुट) किंवा प्रीअ‍ॅम्पच्या पहिल्या टप्प्यात असतील तर बारीक सूंऽऽ करतात, कारण तिथला सिग्नलच मिलिव्होल्टमध्ये असतो. तिथे साधे एक टक्क्याचे मेटल फिल्म टाका, स्वस्तात मिळतात. पुढच्या टप्प्यांत रेझिस्टन्स बदलून कानाला काही कळलं तर मला फोन करा, मी हार घेऊन येतो.

व्हॉल्यूम फिरवताना खरखर येत असेल तर तो पॉटच्या (व्हॉल्यूमच्या फिरत्या रेझिस्टन्सच्या) कार्बन पट्टीचा दोष. नवा घेताना 'ए' म्हणजे लॉग टेपर, आवाज कानाला हळूहळू वाढवणारा, मागा. 'बी' लावलात तर पाव फेऱ्यातच शेजारी दार वाजवतील.

कराडकर_७२

तारा अदलाबदल केल्या, बोदेपणा त्याच खोक्यात राहिला. उजव्यातला कंडेन्सर १.९ भरला, डाव्यातला ४.४. ट्विटर दोन्ही ठीक. दोन्हीकडे ४.७ चे पॉलिप्रॉपिलीन फिल्म कंडेन्सर टाकले. टाळ परत आले! पण आता जरा जास्तच. गायकाचा 'स' कानात घुसतो. हा चांगल्या कंडेन्सरचा गुण म्हणायचा की दोष?

डागडुजी

दोन्ही खोक्यांत टाकलेत ते बरं केलंत. एकाच बाजूला नवा टाकला की गायक मधून सरकतो.

'स'चं म्हणाल तर आधी होता तसल्या जुन्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमध्ये थोडा अवरोध असतोच, आणि बनवणाऱ्याने तो धरूनच ट्विटरचा आवाज जुळवलेला असतो. फिल्म कंडेन्सरमध्ये तो जवळजवळ नाही, म्हणून ट्विटर मोकाट सुटला. सिरीजमध्ये १ ओहम ५ वॅटचा पांढरा सिमेंटचा रेझिस्टन्स लावा. साधारण एक डेसिबल खाली येईल. कमी वाटलं तर २.२ ओहम, म्हणजे दोन डेसिबल. त्याच्यापुढे जाऊ नका. रेझिस्टन्स वाढला की सीमाही खाली सरकते आणि ट्विटरला न झेपणारं काम येतं. संध्याकाळी घर शांत असताना ऐकून ठरवा, सोल्डर शेवटी मारा.

कराडकर_७२

१.५ ओहमवर थांबलो. आईने ओळखलं, 'आता पूर्वीसारखं वाजतंय' म्हणाली. फिल्टरच्या दोनपैकी एकाचं डोकं फुगलंय. दोन्हींवर २२०० मायक्रोफॅरड/५० व्होल्ट लिहिलंय. शनिवारी पुण्याला जातोय, तापकीर गल्लीत. १०,००० चे घेऊ का, गुणगुण कायमची जाईल?

डागडुजी

१०,००० नको. चालू करताना ब्रिजच्या डायोडवर आणि ट्रान्सफॉर्मरवर उगाच धक्का. ३३०० किंवा फार तर ४७०० घ्या, व्होल्टेज ५० किंवा वर, खाली कधीच नाही. १०५ डिग्रीवाले (तेवढी उष्णता सोसणारे) मागा आणि दोन्ही बदला. जुन्याचा व्यास मोजून न्या, कारण नवे बारीक येतात आणि जुन्या पत्र्याच्या क्लिपमध्ये खुळखुळतात. नाहीच जुळले तर सोबत प्लास्टिकची पट्टी घेऊन या, आवळून टाका.