नर्मदा परिक्रमेत जप करावा की नदी पाहावी?

सह्यवासी : यंदा चातुर्मास संपल्यावर ओंकारेश्वरहून पायी परिक्रमा उचलण्याचा माझा विचार आहे. घरी माझे नित्य नामस्मरण असते; पण नदीकाठी किंवा रानात गेलो, की नुसते पाहत राहावेसे वाटते, माळ हातातच राहते आणि मग मनाला रुखरुख लागते. ज्यांनी परिक्रमा केली आहे, त्यांना उपासना आणि निसर्गदर्शन या दोन गोष्टी तेथे वेगळ्या वाटल्या का?

रेवाजल : रुखरुख वाटून घेऊ नका. जेथे नदी हीच आराध्य देवता आहे, तेथे तिच्याकडे पाहणे उपासनेच्या आड कसे येईल? अमरकंटकपासून खंबातच्या आखातापर्यंत १,३१२ किलोमीटर वाहणारी मैया सतत उजव्या हाताला ठेवायची आणि तिचे पात्र कोठेही ओलांडायचे नाही, हे पथ्य पाळताना ती दिसत नसली तरी कोणत्या दिशेला आहे, याचे भान सुटत नाही. सोबतच्या कुपीतील नर्मदाजलाची रोज पूजा व आरती करायची असते. पहिले काही दिवस मी कुपीकडे पाहून आरती म्हणत असे. पुढे मुखी आरती आणि डोळ्यांपुढे धुक्यातून उजळत जाणारे पात्र, असे आपोआप घडू लागले. स्नानाला साबण लावायचा नाही, हा नियम मला आधी निव्वळ सोवळ्याचा वाटला होता. त्याच पाण्याने आचमन करू लागल्यावर त्याचा अर्थ उमगला.

तीरावरचा : वरील मत मला मान्य आहे, तथापि मैया सर्वत्र रम्यच दिसेल, अशी अपेक्षा ठेवून निघू नये. सरदार सरोवराच्या जलाशयात शूलपाणेश्वराचे जुने मंदिर आणि झाडीतील काठाची वाट बुडाली, त्यामुळे तेथे डोंगरांतून आत वळून चालावे लागते. अशा वेळी, नदी नजरेआड असताना, मला जपाचाच आधार झाला. काही घाटांवर निर्माल्य आणि प्लास्टिक साचलेले पाहून फार वाईट वाटले; तेथे मुक्कामाच्या जागेचा कचरा उचलणे हीच मी त्या दिवसाची सेवा मानली.

रेवाजल : हे अगदी खरे आहे. मुखाशी पात्र न ओलांडता समुद्रातून पलीकडे जायचे असते; तेथे दक्षिण तीरावरील विमलेश्वरहून उत्तर तीरावरील मिठीतलाईला नावेने जाताना नदी कोठे संपली आणि समुद्र कोठे सुरू झाला, हे मला कळले नाही. त्या वेळी मुखातून ‘नर्मदे हर’ एवढेच निघत होते.

पाऊलवाट : एवढे महिने काढणे अवघड असल्यास चैत्रात गुजरातमधील तिलकवाडा परिसरात, जेथे नर्मदा उत्तरेकडे वाहते तेवढ्याच टप्प्याची होणारी उत्तरवाहिनी परिक्रमा आधी करून पाहावी. ती एका दिवसात पायी पूर्ण होते. मात्र या लहान फेऱ्यात पात्र ओलांडावेच लागते. माळ अवश्य सोबत न्यावी.