मदत हवी आहे: एमजीबी रोडस्टरची सिल (दाराखालच्या पत्र्याच्या लांब पेट्या) बदलायचीत, कापताना बॉडी मध्ये खचून बसू नये म्हणून आधार कुठे द्यायचा?

नमस्कार मंडळी,

गाडी १९७१ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, क्रोम बंपरवाली. १७९८ सीसीचं इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर, सगळं मूळचंच. इंजिन चालू होतं, थोडा धूर टाकतं, पण ते नंतर. आत्ताचं दुखणं पत्र्याचं आहे.

बाहेरून सिल छान गुळगुळीत दिसत होती, म्हणूनच शंका आली. लोहचुंबक फिरवला तर पुढच्या चाकामागे तो चिकटतच नाही. ग्राइंडरने रंग काढला तेव्हा बोटभर जाड पुट्टी निघाली, तिच्याखाली फायबरची चटई आणि तिच्याखाली आधीच्या कुणीतरी जुन्या सिलवरच चढवलेला नवा पत्रा. फटीतून स्क्रूड्रायव्हर घातला तर मुठीपर्यंत आत गेला आणि तपकिरी पापुद्र्यांचा ढीग खाली पडला. म्हणजे नुसतं बाहेरचं कव्हर नाही, मधला उभा पत्रा आणि खालचा कॅसल सेक्शन, म्हणजे सिलच्या तळाचा घडीचा पत्राही गेलाय. आतलं सिल तळाच्या बाजूला अर्धंमुर्धं शिल्लक आहे.

या गाडीला वेगळी चासी नाही आणि वर छप्परही नाही. गिअरबॉक्सवरून जाणाऱ्या मधल्या बोगद्याचा थोडा हातभार सोडला तर पुढचं-मागचं धड जोडून ठेवतात ती ही सिलच. तीच कापायची म्हटल्यावर हात थबकतो.

ड्रायव्हरच्या दाराची मागची फट वर ३ मिमी आणि खाली ७ मिमी आहे. दुसऱ्या बाजूला वरखाली जवळपास ५-५. आता विचारायचं ते असं: गाडी मधोमध बसली आहे असं समजायचं का? बसली असेल तर आधी उचलून मग कापायचं की कापल्यावर जुळवायचं? गाडी चाकांवर ठेवायची की स्टँडवर? इंजिन काढावं का? काही जण दाराच्या चौकटीत चौकोनी पाइप वेल्ड करतात, काही म्हणतात दार लावून ठेवलं की पुरे. दुसरं मला तरी पटत नाही. मिग वेल्डिंग मशीन (तारेचं) आहे, गॅसवालं. पातळ पत्र्यावर हात बसलेला आहे, पण सांगाड्याचं काम पहिल्यांदाच करतोय.

प्रतिसाद १
कापायचं नंतर बोला. नुसत्या मागच्या फटीवरून गाडी बसली असं म्हणता येत नाही. बिजागरीची पिन झिजली की दार मागच्या टोकाला खाली येतं आणि तेव्हाही मागची फट वर अरुंद, खाली रुंद अशीच दिसते. फरक पुढच्या फटीत कळतो. बिजागरी झिजली असेल तर पुढची फट वर तेवढीच वाढलेली असते, कारण दारच तिरकं झालेलं असतं. बॉडी बसली असेल तर दाराची चौकटच वरून आवळली जाते. म्हणून वरच्या दोन्ही फटींची बेरीज करा, खालच्या दोन्हींची करा, आणि दुसऱ्या बाजूशी ताडून पाहा. दार अर्धवट उघडून कडेला धरून वर उचलून बघा, खुळखुळतंय का. स्टीलच्या टेपने चौकटीचे कर्णही मोजा.

धागाकर्ता
मोजलं. दार उचललं तर अजिबात खुळखुळत नाही. पुढची फट वरखाली सारखीच आहे, त्यामुळे वरची बेरीज खालच्यापेक्षा ४ मिमीने कमी भरते. दुसऱ्या बाजूला दोन्ही बेरजा सारख्याच येतात. आणखी एक: ड्रायव्हरच्या बाजूच्या जॅकच्या जागी जॅक लावून थोडं उचललं तर मागची फट डोळ्यांदेखत बदलते.

प्रतिसाद १
मग निकाल लागला, बॉडीच बसली आहे. जॅकखाली चौकट हलते याचा अर्थ सिल आता नावालाच आहे. आधी उचला, मग बांधा, मग कापा. हा क्रम मोडू नका, वाकड्या चौकटीत नवं सिल वेल्ड केलं तर तो वाकडेपणा कायमचा होतो.

स्टँड पुढे सस्पेन्शनच्या क्रॉसमेंबरखाली (आडव्या तुळईखाली) आणि मागे ॲक्सलखाली, म्हणजे गाडीचं वजन नेहमी जिथे पडतं तिथेच. जमीन पक्की आणि लेव्हलमध्ये हवी. मग बसलेल्या बाजूला, सिलच्या आतल्या अंगाला मजबूत पत्रा सापडेल तिथे, रुंद लाकडी फळी ठेवून जॅकने अगदी हळू उचला. दर वेळी दार लावून फट बघा. फट जुळली की बिजागरीच्या खांबापासून लॉकच्या खांबापर्यंत चौकोनी पाइप, एक वर आणि एक तिरका. वेल्ड करायचा नसेल तर दोन्हीकडे जाड पट्ट्या बोल्ट करून मध्ये टर्नबकल (फिरवून लांबी कमीजास्त करायचा आटेवाला दांडा) घाला. त्याचा फायदा हा की मिलिमीटरभर इकडेतिकडे करता येतं.

प्रतिसाद २
पाइप असा बसवा की दार काढता-लावता येईल. दाराशिवाय फट कळत नाही आणि दार लावूनच ठेवलं तर आत हात जात नाही. दार लावून ठेवलं की पुरे हे तुम्हाला पटलं नाही ते बरंच झालं, दार म्हणजे खांब नव्हे.

इंजिनाबद्दल माझं मत वेगळं पडेल. बरेच जण काढा म्हणतात, मी राहू देतो. वजन जागेवर असताना जुळवलेली फट गाडी चाकांवर उतरवल्यावर तशीच राहते. पण खालचा पत्रा इतका गेला असेल की जॅकलाही दाद देत नाही, तर मात्र काढा.

एका वेळी एकच बाजू. दुसरी बाजू कितीही खुणावली तरी पहिली पूर्ण वेल्ड होईपर्यंत हात लावू नका.

प्रतिसाद ३
सिलची दोन्ही टोकं पुढच्या आणि मागच्या विंगखाली (चाकांवरच्या बाजूच्या पत्र्यांखाली) जातात हे कुणी बोललं नाही. पुढची विंग बोल्टवर आहे, ती काढावीच लागेल. मागच्या विंगचा खालचा भाग कापावा लागतो, त्याची दुरुस्ती पट्टी आधीच हाताशी ठेवा. हे टाळायला म्हणूनच लोक वरून कव्हर चढवतात. पुढची विंग निघालीच आहे तर तिच्या आत, चाकामागची चिखल अडवणारी आडवी पट्टी आणि तिचं रबर बघा. ते गेलं की ओला चिखल तिथे साठून सिल पुढून कुजतं.

आणि ठिणगी पाडण्यापूर्वी पेट्रोलची टाकी रिकामी करून खाली उतरवा. तुमच्या सालाच्या गाडीत सीटच्या मागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, दोन्ही बाहेर काढा. अल्टरनेटरचा प्लगही. खालून जाणारी जाड केबल आणि पेट्रोलची नळी नजरेआड राहते, ती आधी शोधून बाजूला करा.

धागाकर्ता
आभार. टाकीचं डोक्यात होतं, केबलचं नव्हतं. आता दोन शंका उरल्या. मूळचे स्पॉट वेल्ड (कारखान्यातले ठिपक्यांचे जोड) होते तिथे मिगने भोकं भरली तर चालतील ना? आणि आतून गंजरोधक वॅक्स कधी मारायचं, सिल बंद करण्याआधी हात पोचतो तेव्हाच का?

प्रतिसाद १
चालतील. वरच्या पत्र्याला भोकं पाडा, खालचा पत्रा भोकातून चकचकीत दिसला पाहिजे, मग भरा. दोन पत्र्यांच्या मध्ये जस्ताचा वेल्डिंग प्रायमर, पण त्याचा धूर छातीत जाऊ देऊ नका. लांब टाका ओढू नका. एक टाका पुढे, एक मागे, एक मध्ये, मध्ये मध्ये गार होऊ द्या. सगळं नुसत्या टाक्यांवर असताना पुन्हा एकदा फटी मोजा, कारण तोवर चूक निघाली तर ग्राइंडरने सोडवता येते.

वॅक्स आत्ता मुळीच नको, वेल्डिंगच्या उष्णतेने ते पेटतं. रंग झाल्यावर, पाणी निघायची भोकं मोकळी आहेत ना ते पाहून, लांब नळीच्या नोझलने आत फवारा.