काल्पनिक कंपनीचं मसल कार इंजिन: एकच ब्लॉक की स्वतःचा हेमी?

ब्लॉक_बहाद्दर:
मी सध्या एक अमेरिकन कार कंपनी मनात उभी करतोय, ओहायोतली, डेट्रॉइटच्या तिघांपेक्षा (जीएम, फोर्ड, क्रायसलर) खूपच छोटी, काळ १९६४ ते ७२. इंजिनाचं असं ठरवलंय की ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) एकच, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ४.१२५ इंच कायम, फक्त क्रँक बदलायचा. स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ३.२५ ठेवला की ३४७ क्यूबिक इंच, ४.०० केला की ४२८. छोट्या कंपनीला वेगळा बिग ब्लॉक परवडूच शकत नाही असं माझं ठाम मत आहे. एएमसी या छोट्या कंपनीनेही २९०, ३४३ आणि ३९० एकाच बाहेरच्या मापाच्या ब्लॉकमधून काढली. पटत नसेल तर कारण देऊन सांगा.

हेमीवाला:
अजिबात पटत नाही. कंपनी काल्पनिक आहे ना, मग खर्चाला कशाला घाबरतोस? १९६४ ला डेटोना ५०० मध्ये क्रायसलरच्या ४२६ हेमीने (अर्धगोल कंबशन चेंबरचं इंजिन) पहिले तिन्ही नंबर प्लिमथला मिळवून दिले, त्यानंतर लोक त्या इंजिनाच्या नावावर शोरूममध्ये यायला लागले, मग घेऊन जाताना साध्या ३१८ इंजिनाची गाडी का नेईनात. तुझ्या कंपनीकडे असं एक तरी इंजिन हवंच, नाहीतर ती लक्षात कोणाच्या राहणार?

ब्लॉक_बहाद्दर:
पण त्या नावाची किंमत बघ ना दादा. फोर्डने नॅसकार रेससाठी बॉस ४२९ इंजिन केलं, ते मस्टँगमध्ये मावेना म्हणून सस्पेन्शनचे टॉवर सरकवून गाड्या बाहेरच्या वर्कशॉपमधून बनवून घ्याव्या लागल्या, आणि दोन वर्षांत दीड हजारही झाल्या नाहीत. ते फोर्डला झेपलं. पण छोट्या स्टुडबेकर कंपनीकडे सुपरचार्जर लावलेलं स्वतःचं व्ही-८ होतं तरी डिसेंबर १९६३ मध्ये साउथ बेंडचा कारखाना बंद झाला आणि नंतर कॅनडात बनलेल्या गाड्यांत जीएमची इंजिनं बसली. माझी कंपनी त्या वाटेने जायला नकोय मला.

क्रँकशाफ्ट:
मला खटकतंय ते वेगळंच. ४ इंच स्ट्रोकवर ६००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २० मीटरच्या वर जातो, तुझ्या ३४७ मध्ये तोच साडेसोळा. म्हणजे मोठं इंजिन रेसला नेलंस तर रॉड आणि बोल्ट आधी जाणार.

पॉन्टियॅक_प्रेमी:
पण त्याला ६००० पर्यंत न्यायचंच कशाला? पॉन्टियॅक ४५५ चा स्ट्रोक तर ४.२१ होता, आणि बाहेरून ब्लॉक ३२६ एवढाच. ब्यूक ४५५ चा १९७० मधला टॉर्क २८०० आरपीएमलाच ५१० पौंड-फूट. सिग्नलवरून सुटताना हेच कामाला येतं, रस्त्यावरच्या गाडीला अजून काय पाहिजे. धागाकर्त्याशी मी पूर्ण सहमत.

हेमीवाला:
एका सिग्नलपासून दुसऱ्यापर्यंत ठीक आहे, पण ट्रान्स-अॅम रेसला काय पाठवणार? तिथे मर्यादा ५ लिटरची, म्हणजे ३०५. शेवरोलेने ३२७ च्या ४ इंच बोअरमध्ये २८३ चा ३ इंच क्रँक घालून ३०२ केलं तेव्हा कॅमॅरो झेड/२८ झाली. तुझ्या बोअरमध्ये ३ चा क्रँक घातलास तरी ३२० च्या वर जातं. एकच ब्लॉक, एकच बोअर म्हणतोस आणि तिथेच अडकतोस.

ब्लॉक_बहाद्दर:
हा मुद्दा चांगला आहे. मग बोअर दोन ठेवतो, ४.०० आणि ४.१२५, ब्लॉक तोच. हेमी मात्र नाहीच.

क्रँकशाफ्ट:
आणि १९७२ चे आकडे लिहिताना जपून. ७१ ला जीएमने कॉम्प्रेशन उतरवलं, ७२ पासून सगळे आधीच्या ग्रॉसऐवजी नेट हॉर्सपॉवर (पंखा, एक्झॉस्ट वगैरे लावून मोजलेली, म्हणून कमी) छापायला लागले. कॉर्व्हेटची ४५४ एलएस५ ३६५ वरून २७० वर आली ती त्यामुळेच, इंजिन जवळपास तेच होतं.

ब्लॉक_बहाद्दर:
मग ३४७ ला ७२ मध्ये नेट १७५ लिहिले तर चालतील का?

पॉन्टियॅक_प्रेमी:
दोन बॅरलच्या कार्बोरेटरवर चालतील. त्या वर्षी एएमसी ३६० चेही तेवढेच होते.