सोरायसिस आणि काळजी करणारा स्वभाव: संबंध नेमका कसा?

सातपूरकर: मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात हिशेब विभागात काम करतो. कोपरांवर आणि डोक्यात सोरायसिसचे चट्टे आहेत. मार्चअखेर जवळ आली की ते लालबुंद होतात आणि शर्टाच्या बाहीतून खपल्या गळू लागतात. घरची मंडळी म्हणतात, ‘तू सगळे मनाला लावून घेतोस, म्हणून हे होते.’ स्वभावामुळे हा आजार जडतो का? तसे असेल, तर नुसत्या मलमांचा काय उपयोग? जाणकारांनी कृपया सांगावे.

त्वचारोगतज्ज्ञ, गंगापूर रोड: स्वभावामुळे सोरायसिस जडत नाही. आनुवंशिक कल असलेल्या व्यक्तीची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच त्वचेत दाह निर्माण करते, आणि एरवी महिनाभर चालणारे पेशींचे नूतनीकरण काही दिवसांतच उरकल्यामुळे खपल्या साचतात. ताणाचा परिणाम मात्र खरा आहे. मन ताणाखाली असताना त्वचेतील मज्जातंतूंच्या टोकांतून दाह वाढवणारी रसायने स्रवतात. शिवाय खाजवल्याने जिथे ओरखडा उठतो, तिथे नवा चट्टा येऊ शकतो. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात, प्रकाशोपचार घेणाऱ्या रुग्णांपैकी ज्यांचा काळजी करण्याचा कल अधिक होता, त्यांचे चट्टे जाण्यास इतरांपेक्षा बराच जास्त काळ लागला. म्हणून औषधे चालूच ठेवा आणि मार्चमध्ये चट्टे वाढतात हे तुमच्या डॉक्टरांना आधीच सांगा, म्हणजे उपचारांत वेळेवर बदल करता येईल.

दिंडोरीची द्राक्षबागायतदार: आमच्या यजमानांनाही हाच त्रास आहे. द्राक्षे काढणीला आलेली असताना आभाळ भरून आले की ते एक शब्द बोलत नाहीत, फक्त रात्रभर पोटऱ्या खाजवत राहतात. ‘काय होतंय?’ असे विचारले, तर ‘काही नाही’ एवढेच उत्तर मिळते. हे न बोलणेही आजाराशी जोडलेले असते का?

समुपदेशक, इंदिरानगर: ताई, आपल्या भावना ओळखणे आणि त्या शब्दांत मांडणे अवघड जाण्याला अलेक्झिथायमिया म्हणतात, आणि सोरायसिसच्या रुग्णांमध्ये ती तुलनेने अधिक आढळल्याचे अनेक अभ्यास सांगतात. तरीही तिला आजाराचे कारण ठरवू नये, कारण चट्ट्यांकडे रोखलेल्या नजरा आणि ‘हा रोग लागतो का?’ हा प्रश्न वर्षानुवर्षे सोसल्यानेही माणूस मिटून जातो (सोरायसिस संसर्गजन्य मुळीच नाही). यजमानांना भावनांविषयी थेट विचारण्यापेक्षा ‘आज खाज किती आहे, झोप लागली का?’ असे विचारून पाहा. शरीराविषयी बोलणे त्यांना सोपे जाईल.

सातपूरकर, ‘मनाला लावून घेऊ नकोस’ या सल्ल्याने रुग्णावर अपराधीपणाचे आणखी एक ओझे पडते, हे घरच्यांना अवश्य सांगा. मनावरचा भार असह्य वाटल्यास टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

त्वचारोगतज्ज्ञ, गंगापूर रोड: एक राहिले. सकाळी उठल्यावर बोटे किंवा टाचा आखडत असतील, तर ते ताणाच्या खाती टाकू नका. सोरायसिसमध्ये सांध्यांनाही दाह होऊ शकतो, त्यामुळे तपासणी लवकर करून घ्या.