कंपाउंड अ‍ॅडजेक्टिव्हचा 'जोर दुसऱ्या शब्दावर' हा नियम शिकवावा का?

गच्चीवाला: माझं मत, अजिबात शिकवू नये. ओल्ड-फॅशन्ड, बॅड-टेम्पर्ड, सेकंड-हँड अशा दोन शब्द जोडून केलेल्या इंग्रजी विशेषणांत सगळीकडे जोर (उच्चारताना दिलेला आघात) दुसऱ्या शब्दावर असं पोरांकडून घोकून घेतात. 'द कार इज सेकंड-हँड' म्हणताना जोर 'हँड'वर, ठीक. पण 'अ सेकंड-हँड कार' म्हटलं की पुढे लगेच 'कार'वर जोर येतो आणि दोन जोर शेजारीशेजारी इंग्रजीला नको असतात, म्हणून पहिला सरकून 'से'वर जातो. 'थर्टीन मेन'चं (तेरा माणसं) तेच, एरवी 'टीन'वर असलेला जोर 'थर'वर जातो. आणि पोरं हे शब्द नामाच्या आधीच जास्त वापरतात, म्हणजे नियम जिथे फसतो नेमकं तिथेच!

मास्तरीणबाई: अहो पण मूळ जागाच माहीत नसेल तर सरकला कुठून ते कसं कळणार? जॉन वेल्स यांच्या लाँगमन उच्चारकोशात मूळ जोर दिलेला असतो आणि जिथे तो सरकतो तिथे छोटा त्रिकोण. दोन्ही शिकवा की.

गच्चीवाला: मग होमसिक, वॉटरप्रूफ, टाइम-कन्झ्युमिंग? जोर पहिल्यावरच. आणि ड्यूटी-फ्रीमध्ये परत 'फ्री'वर. पहिला शब्द नाम असला की कोश उघडावाच लागतो.

तिरकसकाका: हे सगळं लंडनवाल्यांचे लाड आहेत. आपलं ऱ्हस्व-दीर्घावर चालतं, जोराने अर्थ बदलत नाही. भाषातज्ज्ञ जेनिफर जेनकिन्स यांनी २००० सालीच वर्ड स्ट्रेस, म्हणजे शब्दातला जोर, उच्चारातल्या आवश्यक गोष्टींच्या यादीतून काढून टाकलाय, इंग्रजी मातृभाषा नसलेली दोन माणसं इंग्रजीत बोलतात तेव्हा त्याच्यावाचून फार अडत नाही म्हणून.

बारावी_ड: काका अर्धंच सांगताय, वाक्यातला मुख्य जोर त्यांनी यादीत ठेवलाय. आणि 'ग्रीन हाउस' मध्ये जोर 'ग्रीन'वर टाकला तर हिरव्या घराऐवजी समोरच्याला ग्रीनहाउस, म्हणजे काचेतली झाडं दिसतील, त्याचं काय?

तिरकसकाका: संदर्भ नावाची गोष्ट असते बाळा. बागेबद्दल बोलत असलो तर कळतंच.

मास्तरीणबाई: जोराचं नंतर भांडा, आधी सिलॅबल (शब्दाचे उच्चारी तुकडे) नीट पाडायला शिकवा. ओल्ड-फॅशन्ड म्हणजे ओल्ड, फॅ, शन्ड, तीनच, पण वर्गात 'फॅ-श-नेड' ऐकू येतं. शेवटच्या 'ईडी'चं वेगळं सिलॅबल 'ट' किंवा 'ड' नंतरच होतं, म्हणून कोल्ड-ब्लडेडमध्ये आहे, बॅड-टेम्पर्डमध्ये नाही.

बारावी_ड: आणि थ्री-लेगेड रेस? तिथे 'ट' पण नाही 'ड' पण नाही, तरी ले-गिड.

मास्तरीणबाई: तो अपवाद. नेकेड, विकेडच्या रांगेतला. पाठच करावा लागतो.

गच्चीवाला: बघा, शेवटी पाठांतरच! मी म्हणतो यादी नको, पूर्ण वाक्यं ऐकवा.