कागदावरून मशीन सापडतं. पण तो पुरावा किती धरायचा?

दस्तपारखी
माझं मत आधीच मांडतो: रंगीत लेझरवर छापलेला कागद हाती असेल तर मशीन शोधणं आता फार अवघड नाही, आणि कोर्टाने त्याला भरभक्कम पुरावा मानावा. झेरॉक्सच्या डॉक्युकलर यंत्रांत पानभर जेमतेम 0.1 मिमीचे पिवळे ठिपके उमटतात. 15 स्तंभ, 8 ओळींची ती जाळी ईएफएफ या अमेरिकेतल्या डिजिटल हक्कांच्या संस्थेने 2005 मध्ये उलगडली: मशीनचा क्रमांक, तारीख, वेळ. निळ्या एलईडीच्या उजेडात भिंगाखाली ठिपके काळे दिसतात. कागद स्कॅन करायचा तर रंगीत, 600 डीपीआय, टिफ म्हणजे तपशील न गाळणाऱ्या फाइलमध्ये. मग चित्रातला निळ्या रंगाचा थर (चॅनल) वेगळा काढा. तपशील गाळणारं जेपेग केलंत की ठिपके पुसट झालेच म्हणून समजा.

टोनरधूळ
हे सगळं रंगीतपुरतं. आपल्याकडचे भाडेकरार, नोटिसा काळ्या-पांढऱ्या लेझरवरच्या. पिवळा टोनर, म्हणजे शाईची पूड, नाहीच तर ठिपके कुठून येणार? तिथे ड्रमचा, म्हणजे कागदावर प्रतिमा उमटवणाऱ्या फिरत्या नळकांड्याचा, ओरखडा शोधायचा. 24 मिमी व्यासाचा ड्रम असेल तर तोच डाग दर 75 मिमीला पुन्हा येतो, म्हणजे ए-फोरवर तीन-चारदा. पण लहान प्रिंटरांत ड्रम बहुधा कार्ट्रिजमध्येच असतो. कार्ट्रिज बदलली की खूण गेली. वर तीच कार्ट्रिज शेजारच्या तशाच प्रिंटरला लावली, तर भलताच माणूस अडकायचा!

दस्तपारखी
म्हणून तर आधी अंतर मोजायचं. ते फ्यूजर रोलरच्या, म्हणजे टोनर तापवून कागदावर पक्का करणाऱ्या रोलरच्या, परिघाशी जुळलं तर खूण मशीनमध्येच आहे, कार्ट्रिज कितीही बदला. आणि जप्तीच्या वेळी आहे त्याच कार्ट्रिजवर नमुने काढून घ्यायचे.

वकीलवाडा
ग्राह्यतेचा वाद केव्हाच मिटलाय. नागपूरच्या नरगुंदकर खटल्यात मुद्दा टाइपरायटरचाच होता: पत्र ज्या मशीनवरचं म्हणे, ते 1946 अखेरपर्यंत नागपुरात आलंच नव्हतं, म्हणजे पत्रावरची त्याआधीची तारीख खोटी, असा आरोप. 1952 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, टाइपरायटरबद्दलचं असं तज्ज्ञमत जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 45 मध्ये (तज्ज्ञांच्या मताची तरतूद) बसत नाही. आरोपी सुटले. 1996 ला चौधरी निकालात घटनापीठाने हे फिरवलं. टाइपरायटरची ओळख त्या कलमातल्या 'शास्त्र' या शब्दात धरली. आज ती तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 39 मध्ये आहे. प्रश्न उरतो वजनाचा. मशीन सिद्ध झालं तरी बटण कोणी दाबलं? अमेरिकेत रिअ‍ॅलिटी विनर या बाईने गुप्त कागद फोडल्याच्या 2017 च्या प्रकरणात ठिपक्यांचा गाजावाजा झाला, पण शपथपत्रात आधार वेगळाच: कागद छापणारे सहा जण नोंदींतून निघाले आणि त्यांतल्या एकीच्याच संगणकावरून वृत्तसंस्थेशी ईमेल झालेला. ठिपक्यांशिवायच माणूस सापडला.

रिबीनवाला
वजनाचंच म्हणाल तर जुना टाइपरायटर प्रिंटरपेक्षा बरा. मराठी मशीनवर अनुस्वार, मात्रा यांच्या कळा दाबल्या तरी कॅरेज (कागद धरून सरकणारा भाग) सरकत नाही. त्यामुळे मात्रा अक्षरावर नेमकी कुठे बसते, यात प्रत्येक मशीनची खोड दिसते. मात्र एका झिजलेल्या 'क'वर निकाल देऊ नये. अक्षर तिरकं, एका बाजूला फिकट, ओळीच्या खाली, अशा तीन-चार खोडी एकत्र जुळल्या तरच बोलावं. आणि एकदाच वापरायची कार्बन फिल्म रिबीन असेल तर मजकूर तिच्यावरच अक्षरागणिक उमटलेला असतो. पंचनाम्यात मशीन येतं, रिबीनीची चकती टेबलाच्या खणातच राहते.

दस्तपारखी
चकतीचं मान्य. पण अक्षरांचा गोळा बदलता येणारा आयबीएमचा सिलेक्ट्रिक टाइपरायटर विसरलात. तिथे खोडी गोळ्याच्या, मशीनच्या नव्हेत. कार्ट्रिजवरची तक्रार मग त्यालाही लागू.